चंद्रपूरचा 'पारा' नेमकं काय मोजतो?

एप्रिल लागला की आपल्याकडे एक बातमी ठरलेली असते. 'चंद्रपूरचा पारा ४६ वर, जगातलं सर्वात उष्ण शहर.' कधी चंद्रपूरच्या जागी ब्रह्मपुरी येते, कधी गडचिरोलीचं नाव यादीत वर सरकतं. खाली रसवंतीचा किंवा तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या मुलींचा फोटो. मग दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर वाद चालतो. एक गट म्हणतो, 'बघा, आपण जगात पहिले.' दुसरा म्हणतो, 'खरं तर ५० च्या वर होतं, माझ्या गाडीत दाखवलं, वेधशाळा लपवते.'

या पोस्टमध्ये ही बातमी मी एखाद्या रिसर्च पेपरसारखी वाचणार आहे. दावा काय आहे, उपकरण कोणतं, पद्धत काय, आणि निष्कर्ष त्या आकड्यातून खरंच निघतो का? पेट किंवा नेट झालेले आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. तुमच्या प्रस्तावात 'डेटा गोळा केला जाईल' असं वाक्य असणारच. त्या वाक्यात काय काय दडलेलं असतं, हे समजायला तापमानाइतकं सोपं आणि तापमानाइतकं फसवं उदाहरण दुसरं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वेधशाळेचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. त्यावरून केलेलं वाक्य मात्र बहुतेक वेळा त्या आकड्याच्या ताकदीबाहेरचं असतं.

थर्मामीटर स्वतःचंच तापमान सांगतो

शाळेत आपण शिकतो की थर्मामीटर तापमान मोजतो. पण कशाचं? हवेचं, पाण्याचं, तापाचं? याचं कोरडं उत्तर असं की थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. पारा असेल तर तो स्वतः किती फुगला ते सांगतो. प्लॅटिनमची तार असेल तर तिचा विद्युतरोध किती झाला ते सांगते. त्यापुढचं सगळं आपण जोडलेलं असतं. 'पारा आणि हवा यांच्यात आता उष्णतेची देवघेव थांबली आहे, म्हणून पाऱ्याचं तापमान तेच हवेचं तापमान' हे गृहीतक आहे, मोजमाप नाही.

काखेतल्या थर्मामीटरला दोन-तीन मिनिटं थांबायला सांगतात ते याच कारणाने. तिथे गृहीतक बऱ्यापैकी टिकतं, कारण काचेच्या सगळ्या बाजूंनी शरीर असतं. पण तोच थर्मामीटर मे महिन्यात अंगणात उन्हात ठेवा. आता त्याला हवेकडून उष्णता मिळते, सूर्याकडून थेट मिळते, तापलेल्या फरशीकडून मिळते आणि वाऱ्याने थोडी निघूनही जाते. या सगळ्याचा जिथे मेळ बसतो तिथे तो स्थिरावतो. तो आकडा हवेचा नाही, जमिनीचा नाही आणि सूर्याचा तर नाहीच. उन्हात ठेवलेल्या त्या विशिष्ट काचेच्या नळीचा तो आकडा आहे. बाजूला काळ्या रंगाची नळी ठेवली तर ती वेगळा आकडा दाखवेल. दोघीही खोटं बोलत नाहीत.

गाडीच्या डॅशबोर्डवरच्या ५० अंशांचं हेच आहे. तो सेन्सर सहसा पुढच्या बंपरच्या आसपास, डांबराच्या जवळ असतो. गाडी वरोरा नाक्यावर सिग्नलला उभी असेल तर रस्त्याची आणि इंजिनाची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचते. मोबाइलमधलं अ‍ॅप तर बाहेरची हवा मोजतच नाही. ते दूरच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकीय मॉडेल यांवरून काढलेला अंदाज दाखवतं. त्यामुळे 'वेधशाळा लपवते' या आरोपाला पुरावा म्हणून हे दोन्ही चालत नाहीत.

पेटी कशासाठी

वेधशाळेत लाकडी, पांढरी, झडपांची पेटी असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती घडवली. ते दीपगृहं बांधणारे अभियंते होते. जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर थर्मामीटर, झडपांतून हवा खेळती, ऊन मात्र आत नाही. आपल्या गोलार्धात पेटीचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे वाचन घेताना दार उघडलं तरी ऊन थेट आत पडत नाही.

या पेटीचं काम थर्मामीटर आणि हवा यांच्यातली देवघेव शिल्लक ठेवून बाकीचे सगळे स्रोत कापणं एवढंच आहे. म्हणजे वर सांगितलेलं गृहीतक खरं ठरावं म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. ती शंभर टक्के चालत नाही. वारा पूर्ण पडला की पेटीच तापते आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. पण अंगणातल्या नळीपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. आणि मुख्य म्हणजे चंद्रपूर, चुरू आणि कैरो इथल्या पेट्या एकाच पद्धतीच्या असतील, तर त्यांची आपसात तुलना करता येते.

आता अनेक ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रं आली आहेत. तिथे बातमीतला 'पारा' नसतोच. बहुधा पीटी-१०० नावाचा सेन्सर असतो, म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध बरोबर १०० ओहम. ४५ अंशांना तो सुमारे ११७.५ ओहम होतो आणि ५६ अंशांना सुमारे १२१.७. म्हणजे ४५ आणि ५६ यांतलं अंतर फक्त सव्वाचार ओहम! एका अंशाला ०.४ ओहमसुद्धा नाही. जोडणी साधी दोन तारांची असेल आणि जुन्या सांध्यामुळे एक ओहम जास्तीचा रोध आला, तर आकडा अडीच अंशांनी वर जातो. म्हणून चांगल्या बसवणीत तीन किंवा चार तारा वापरतात, म्हणजे जोडतारांचा रोध हिशेबातून वजा करता येतो. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हीटस्टन ब्रिज कंटाळत केला असेल, तर तो इथे कामाला येतो.

५६ अंशांचं नागपूर

३० मे २०२४ ला नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. पृथ्वीवरचा आजचा मान्य विक्रम ५६.७ आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. म्हणजे रामदासपेठ जगाच्या विक्रमापासून अर्ध्या-पाऊण अंशावर पोहोचली होती. आदल्याच दिवशी, २९ मे ला, दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवलं होतं. भारताचा मान्य विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा आहे, १९ मे २०१६ चा, ५१ अंश.

भारतीय हवामान विभागाने तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरच्या सेन्सरमध्येही बिघाड होता, असं जाहीर झालं. संशय यायचं पहिलं कारण साधं होतं. शेजारची केंद्रं असं काही सांगत नव्हती. दिल्लीत त्या दिवशी इतरत्र कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ च्या दरम्यान होतं.

इथपर्यंत काम चोख झालं. शेजाऱ्याशी ताडून पाहणं, मग प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणं, मग निकाल जाहीर करणं. पण संशोधक म्हणून दोन गोष्टी खटकायला हव्यात.

पहिली: 'सेन्सर चुकला' ही बातमी आली आणि लोकांनी 'म्हणजे उष्णतेचा बाऊ होता' असा अर्थ लावला. आता ५२.९ मधून ३ वजा करा. ४९.९ उरतात. इतर केंद्रांच्या सर्वात वरच्या आकड्यापेक्षाही ते जास्त आहे. उपकरणात चूक सापडली म्हणजे घटना नाहीशी झाली असं होत नाही. चूक किती आणि कुठल्या दिशेची, हे कळलं की तो आकडा टाकून द्यायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपण सेन्सर कधी तपासतो? आकडा विक्रम मोडतो तेव्हा. ५६ आलं म्हणून सगळे धावले. समजा एखाद्या केंद्राचा सेन्सर तीन अंश कमी दाखवत असेल, ४७ च्या जागी ४४. कोण धावेल? बातमी नाही, ट्वीट नाही, तपासणी नाही. हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ ला पोहोचलं की उष्णतेची लाट आणि ४७ ला पोहोचलं की तीव्र लाट मानतात. सरासरीपेक्षा किती जास्त आहे यावरूनही लाट ठरते. घोषणेसाठी एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण व्हावा लागतो. अशा रेषेवर एक-दोन अंशांना किती किंमत आहे ते बघा. जास्त दाखवणारा सेन्सर पकडला जातो. कमी दाखवणारा वर्षानुवर्षं शांतपणे उभा राहू शकतो आणि ज्या दिवशी इशारा हवा होता त्या दिवशी तो येत नाही.

हा फक्त हवामानाचा प्रश्न नाही. तुमच्या स्वतःच्या प्रयोगात अपेक्षेबाहेरचा आकडा आला की तुम्ही उपकरण पुन्हा तपासता. अपेक्षेप्रमाणे आला की वहीत लिहून पुढे जाता. ही सवय घेऊन कुठलाही संशोधक सगळ्याच गोष्टी 'सिद्ध' करू शकतो. कॅलिब्रेशनची तारीख आधी ठरवा, निकाल बघून नको.

जुना विक्रम ९० वर्षं टिकला

लिबियातल्या अल-अझीझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश नोंदले गेले. पाठ्यपुस्तकांत, सामान्यज्ञानाच्या गाइडमध्ये तोच जागतिक विक्रम होता. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. कारणं वाचण्यासारखी आहेत: अचूक वाचायला अवघड जाणारा सिक्स-बेलानी प्रकारचा थर्मामीटर, बहुधा नवखा निरीक्षक, आजूबाजूच्या वाळवंटाशी न जुळणारी जागा, जवळच्या केंद्रांशी न बसणारा मेळ आणि त्याच जागेच्या नंतरच्या नोंदींशीही न बसणारा मेळ. अंदाज असा की निरीक्षकाने नळीतल्या खुणेच्या पिनचं चुकीचं टोक वाचलं. तेवढ्यानेच सुमारे सात अंशांचा फरक पडतो.

ही तपासणी ९० वर्षांनी होऊ शकली, कारण मूळ नोंदवही जपलेली होती. त्या वहीत निरीक्षक बदलल्याच्या आणि रकाने चुकल्याच्या खुणा होत्या. कच्ची वही फेकून फक्त एक्सेल शीट ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

थर्मामीटर तपासायचा कशाने?

इथे एक जुना पेच आहे. पारा तापमानाच्या प्रमाणात सारखा फुगतो हे तपासायचं तर तापमान आधीच माहीत हवं. ते कशाने कळणार? दुसऱ्या थर्मामीटरने. मग तो दुसरा बरोबर कशावरून? हासोक चांग यांच्या 'इन्व्हेंटिंग टेम्परेचर' (२००४) या पुस्तकाचा विषयच हा आहे. वेगवेगळे द्रव वापरणारे थर्मामीटर शून्याला आणि शंभरला जुळवले तरी मध्ये एकमेकांशी जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या रेन्योने यावर एक शहाणा मार्ग काढला. 'खरं तापमान' कुठलं, या वादात तो पडलाच नाही. त्याने एवढंच विचारलं की एकाच प्रकारची, पण वेगवेगळी बनवलेली उपकरणं आपसात तरी जुळतात का? काच बदलली की पाऱ्याचे थर्मामीटर आपसात भांडायचे. हवेवर चालणारे त्या कसोटीला उतरले.

चांग यांचा मुद्दा असा की पाया आधी पक्का आणि मग इमारत, असं विज्ञान चालत नाही. कच्च्या मोजमापावरून थोडं बरं मोजमाप, त्यावरून आणखी बरं, आणि वाटेत पहिल्याची दुरुस्ती. शेवटी २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या पाण्याच्या त्रिबिंदूवरून सुटून बोल्ट्झमन स्थिरांकाला बांधली गेली, म्हणजे कणांच्या ऊर्जेला.

पुस्तक वाचाच. माझी एक तक्रार मात्र आहे. ते जवळजवळ पूर्णपणे प्रयोगशाळेतलं आहे. तिथे थर्मामीटर भांड्यात बुडवलेला असतो आणि भांड्यात एकच गोष्ट असते. चंद्रपूरच्या उन्हात 'कशाचं तापमान' हा प्रश्न 'किती तापमान' या प्रश्नाआधी येतो. शेतात, जंगलात काम करणाऱ्या संशोधकाला त्या पुस्तकापुढचा धडा स्वतः लिहावा लागतो.

'जगातलं सर्वात उष्ण' म्हणजे काय

आता मूळ बातमीकडे. ज्या याद्यांवरून ती येते, त्यांत त्या दिवशी ज्या केंद्रांची माहिती पोहोचली तेवढीच केंद्रं असतात. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातलं तीन चतुर्थांशांच्या आसपास जंगल. एवढ्या मुलखाचं तापमान बातमीत एका नावाने येतं. केंद्र नसलेलं गाव कधीच यादीत येणार नाही, मग ते कितीही तापलेलं असो. म्हणून प्रामाणिक वाक्य 'आज कळवलेल्या केंद्रांत चंद्रपूरचं कमाल तापमान सर्वात जास्त' असं होईल. यात थरार नाही, हे मान्य.

लगेच पुढची उडी असते: 'औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणींमुळे चंद्रपूर तापलं.' उघड्या खाणी, सिमेंटचे कारखाने, २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र, या सगळ्यांचा स्थानिक परिणाम असू शकतो आणि तो शोधण्याजोगा विषय आहे. पण शहरातलं एक केंद्र तो परिणाम वेगळा काढून दाखवू शकत नाही. त्यासाठी शहर, खाणपट्टा आणि ताडोबाच्या बाजूचं जंगल अशा तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीचे सेन्सर, एकाच उंचीवर, अनेक उन्हाळे लावावे लागतील. उपग्रहाचा नकाशा दाखवून काम भागत नाही. उपग्रह जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान काढतो. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय उपग्रहाच्या नोंदीत वायव्य भारतात ६० अंशांच्या वरचे आकडे आले, ते तापलेल्या मातीचे होते. अनेकांनी ते हवेचे समजून पुढे पाठवले.

पेटीतला दुसरा थर्मामीटर

सर्वात मोठी उणीव आता येते. पेटीने ऊन मुद्दाम कापलं. पण तेंदूपत्ता तोडणारी बाई पेटीत बसलेली नाही. एप्रिल-मे मध्ये ती पहाटे जंगलात जाते, वाकून पानं तोडते, आणि पुडे वाळत घातलेल्या उघड्या मैदानात दुपारी हिशेब द्यायला उभी असते. तिच्या शरीरावर ऊन आहे, खालून तापलेली जमीन आहे, आणि घाम सुकतो की नाही यावर तिचा जीव अवलंबून आहे. ४६ हा आकडा यातलं काहीच मोजत नाही. तो चुकीचा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

घामाचा प्रश्न आपल्याकडे कूलर असलेल्या प्रत्येकाला कळतो. नवतपात कूलर मस्त चालतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून उघडीप झाली की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. वाळ्याच्या ताटीवर जे घडतं तेच कातडीवर घडतं. ते मोजायला वेट-बल्ब थर्मामीटर असतो, म्हणजे बल्बभोवती ओली मलमल. आणि गंमत बघा, तो त्याच पेटीत, कोरड्या थर्मामीटरच्या शेजारी असतो. निरीक्षक दोन्ही वाचतो. बातमी एकाचंच वाचन उचलते.

उदाहरणादाखल दोन दिवस घेऊ. मे मधली दुपार: ४६ अंश, आर्द्रता १५ टक्के. वेट-बल्ब येतो सुमारे २४.६. जूनमधली दुपार: ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के. वेट-बल्ब सुमारे ३०.३. हवा दहा अंशांनी 'थंड', पण घाम सुकण्याच्या हिशेबात दिवस जास्त वाईट.

ऊनही मोजायचं असेल तर १५ सेंटिमीटर व्यासाचा काळा पोकळ गोळा आणि त्यात थर्मामीटर वापरतात. अंगणातल्या नळीची जी खोड होती, तीच इथे मुद्दाम कामाला लावली आहे. तिन्ही वाचनं मिळून एक निर्देशांक बनतो: वेट-बल्बचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के, साध्या हवेचे १० टक्के. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांना प्रशिक्षणात उष्माघात होत होता, तेव्हा तो तयार झाला. वरच्या दोन दिवसांत गोळ्याचं तापमान हवेपेक्षा अनुक्रमे १२ आणि १० अंश जास्त धरलं, तर निर्देशांक येतो सुमारे ३३.४ आणि ३४. म्हणजे श्रम करणाऱ्या शरीराला दोन्ही दिवस जवळपास सारखे. पण पहिल्या दिवसावर मथळा आणि इशारा, तर दुसरा दिवस 'चला, उन्हाळा संपला' म्हणून रोवणीच्या तयारीत जातो.

हवामान विभागाने २०२३ पासून प्रायोगिक उष्मा निर्देशांक द्यायला सुरुवात केली, त्यात आर्द्रता धरलेली आहे. पाऊल योग्यच आहे. पण तो साधारणपणे सावलीतल्या माणसाचा विचार करतो. उन्हात, वाकून, ओझं घेऊन काम करणाऱ्याचा हिशेब त्यात अजून येत नाही. आणि ज्यांना ऊन लागून मरण येतं, त्यांत याच कामातलेही असतात.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

कुठलाही सेन्सर वापरणार असाल, मातीतला ओलावा असो की पाण्यातला फ्लोराइड, तर मोजमापाच्या प्रकरणात एवढं तरी लिहा. उपकरण प्रत्यक्ष कशात बदल नोंदवतं: लांबीत, रोधात, रंगात? तिथून तुमच्या राशीपर्यंत पोहोचायला कोणती गृहीतकं लागतात, आणि ती या जागी टिकतात का? कॅलिब्रेशन कधी आणि कशाशी केलं जाईल, निकाल कसाही आला तरी? शेजारी दुसरं वाचन आहे का? आणि शेवटचा प्रश्न, जो गाइड सहसा विचारत नाहीत: हा आकडा ज्याच्यासाठी मोजतो आहोत, त्याच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे का?

विषय शोधत असाल तर एक सुचवतो. तेंदूच्या हंगामात एका संकलन केंद्रावर काळा गोळा, वेट-बल्ब आणि साधा थर्मामीटर सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत लावा, आणि तीच वाचनं जूनमध्ये रोवणीच्या बांधीवर घ्या. जवळच्या वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघा. साधनं महागडी नाहीत, गणित पदवीच्या पातळीचं आहे, आणि काम कधी थांबवायचं हे ठरवायला ग्रामसभेला उद्या उपयोगी पडेल असं उत्तर त्यातून निघू शकतं.